तीन भेटी, घर बंद

"चिठ्ठ्या हलवा चांगल्या. लग्नाच्या अक्षता नाहीत त्या, हळूच टाकायला," ढोले सर म्हणाले.

समीक्षाने डबा दोन्ही हातांत धरून खडखड हलवला. डबा शीलाचाच होता, पोळ्यांचा. पोळ्या कागदात गुंडाळून तिने तो सकाळीच रिकामा करून दिला होता. यवतमाळच्या त्या अभ्यासकेंद्रात दर रविवारी दहा-बारा जण जमत, सगळे नोकरी सांभाळून लोकप्रशासनात एम. ए. करणारे. कुणी ग्रामसेवक, कुणी पोलीस, कुणी एसटीत कंडक्टर. समीक्षा तलाठी होती, सव्वीस वर्षांची. शीला मुनेश्वर सगळ्यांत मोठी, एकोणचाळीसची. तालुक्याच्या कचेरीत अठरा वर्षं कनिष्ठ सहायक. आता कुठे बढतीच्या यादीत तिचं नाव वर सरकलं होतं.

आणि शिकवायला वामनराव ढोले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी 'संशोधन आराखडा' हा विषय दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला हा माणूस तयार नव्हता. आराखडा चुकला की प्रबंध चुकला, असं त्यांचं ठाम मत. विद्यार्थी त्यांना टरकून असत.

डब्यातून तीस चिठ्ठ्या निघाल्या. तीस घरं. या तीस घरी जाऊन शीलाने प्रश्नावली भरून आणायची होती. तिचा विषय होता फवारणी करणाऱ्या मजुरांचं सर्वेक्षण आणि त्याची अंमलबजावणी, पळसखेड गावापुरता. सरांनी नोंदवहीची झेरॉक्स जवळ ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि बोट लावून बेरीज केली.

"मुनेश्वर बाई, गावात घरं तीनशे बारा. डब्यात चिठ्ठ्या दोनशे त्र्याण्णव. एकोणीस घरं कुठं गेली?"

"सर, ती घरं बंद होती. सर्वेक्षणाच्या वेळेस."

"मग?"

"मग... म्हणून नाही घेतली."

"वा! म्हणजे नापास पोरं वगळायची अन् शाळेचा निकाल शंभर टक्के!" सगळे हसले. सर हसले नाहीत. "अहो, जी भेटली ती भेटली. जी भेटली नाहीत तीच तर शोधायची असतात. सर्वेक्षण ज्यांच्यापर्यंत पोचलंच नाही त्यांना सोडून तुम्ही अंमलबजावणी मोजणार कशी?" त्यांचं बोट झेरॉक्सवरून खाली खाली सरकत होतं आणि शीलाचा जीव त्या बोटाबरोबर खाली चालला होता. बोट थांबलं. "अन् हे पाहा. एकोणीसच्या एकोणीस घरं एकाच तांड्यातली. प्रत्येकाला तीन भेटी, तिन्ही वेळा घर बंद. अख्खा तांडा कुठं काशीला गेला होता काय? प्रगणक क्रमांक सात. कोण हा सात नंबर?"

"पाहावं लागेल, सर," शीला म्हणाली.

सात नंबर म्हणजे आपण, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"पाहा. आणि या एकोणिसांच्या चिठ्ठ्या वेगळ्या करा. आत्ताच."

करायलाच लागल्या. तिने स्वतःच्या हाताने एकोणीस नावं लिहिली, घड्या घातल्या. समीक्षाने डोळे मिटून एक चिठ्ठी उचलली आणि मोठ्याने वाचली, "देवीलाल शंकरसिंग राठोड."

"हं. प्रश्नावलीची पहिली चाचणी या घरावर," सर म्हणाले. "पुढच्या रविवारी भरलेली प्रश्नावली इथं टेबलावर. सोमवारी आराखडा विद्यापीठात जाईल. तारीख चुकली की वर्ष गेलं, मग माझ्याकडं रडत यायचं नाही."

परतीच्या बसमध्ये शीला खिडकीशी बसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. हा विषय तिने घेतलाच कशाला? तर कागद आयते कपाटात होते म्हणून. फुकटची पायपीट नको, जुन्या नोंदवह्या आहेत, आकडे मांडू आणि मोकळं होऊ. आणि ते एकोणीस? ते तिने दीड वर्षात इतके नीट विसरून टाकले होते, की वगळताना पेन जरासुद्धा अडलं नव्हतं.

त्या वर्षी कपाशी माणसापेक्षा उंच गेली होती आणि बोंडात अळी बसली होती. फवारण्यांवर फवारण्या चालल्या. पाठीवर पंप, समोर डोक्याच्या वर झाड, औषध सगळं तोंडावर. मजूर चक्कर येऊन पडायला लागले. कुणाचे डोळे आले, कुणाला दिसेनासं झालं. मग सगळं प्रशासन खडबडून जागं झालं. फवारणी कोण करतो, डोळ्यांचा, डोक्याचा त्रास कुणाला आहे, याची घरोघर जाऊन नोंद घ्यायची होती. ज्यांची नोंद होईल त्यांना शिबिरात बोलावून पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. घर बंद दिसलं तर तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं, तिन्ही तारखा टाकायच्या, मगच 'घर बंद' लिहायचं, असा नियम होता.

दोनशे त्र्याण्णव घरं शीलाने इमानेइतबारे केली. चार दिवस चालली. टाचेला फोड आला, फुटला. पाचव्या दिवशी तांडा उरला. नाल्यापलीकडे, फाट्यापासून अडीच किलोमीटर. ऑक्टोबरचं ऊन. तेवढ्यात तिचे वरिष्ठ अमर पोटे यांचा फोन आला. "मॅडम, पाच वाजता वरून आढावा आहे. शंभर टक्के पाहिजे. उरले असतील त्यांना घर बंद टाका अन् या. वेचणीवर गेलेच असतील सगळे."

फाट्यावरच्या बाकावर बसून, वही मांडीवर घेऊन तिने एकोणीस वेळा 'घर बंद' लिहिलं. प्रत्येकासमोर तीन तारखा. पहिली तारीख निळ्या पेनने, दुसरी काळ्या, तिसरी परत निळ्या. म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं. तेव्हा तिला स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

सोमवारी ती कचेरीत पोचली तर पोटे साहेबांनी स्वतःहून खुर्ची पुढे सरकवली. तेव्हाच तिने ओळखलं की बातमी इथवर आली आहे. समीक्षाचा दीर याच कचेरीत होता.

"मॅडम, विषय बदलून टाका ना," पोटे गोड आवाजात म्हणाले. "ग्रामसभेत महिलांचा सहभाग! मस्त विषय आहे, सगळे तोच घेतात. माझ्याकडे दोन तयार प्रबंध पडलेत."

"सर, चिठ्ठी निघाली आता."

"चिठ्ठीचं काय घेऊन बसल्या! झाकली मूठ सव्वा लाखाची." मग त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली घेतला. "त्या तांड्यातून एक अर्ज आलता, माहीत आहे का तुम्हाला? डोळ्याची केस. शिबिरात घेतलं नाही म्हणून. आपण उत्तर दिलं, तीन वेळा भेट दिली, घर बंद आढळले. फाइल बंद झाली. आता तुम्हीच ती उघडणार? आ बैल मुझे मार!"

शीलाने विचारलं, "अर्ज कुणाचा होता?"

"नाव कोण लक्षात ठेवतं? राठोड होता कुणीतरी. तिथं सगळे राठोडच."

"पण साहेब, तुम्हीच फोनवर म्हणाला होता..."

"मी?" पोटे हसले. "फोनवर काय, मी रोज शंभर गोष्टी बोलतो. फॉर्मवर सही कुणाची आहे, मॅडम? माझी नाही. यादी मार्चात लागते आहे, तुमचं नाव दुसरं आहे. विभागीय चौकशी बसली की यादीतून नाव जातं, नोकरीचंही काही सांगता येत नाही. मी आपलं तुमच्या भल्याचं सांगितलं."

राग आला तिला. पण राग धरायला जागाच नव्हती, कारण माणूस खरं बोलत होता. सही तिचीच होती.

आठवडाभर तिचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी आई, कांताबाई, सुपात तुरीची डाळ घेऊन खडे वेचत बसली होती. तीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून तिने या एकुलत्या लेकीला शिकवलं होतं. शीलाचं लग्न जमलं नाही ते नाहीच. पण पोरगी कचेरीत खुर्चीवर बसते, याची ऐट म्हातारीला त्याहून मोठी.

"काय झालं वं? तोंड कावून उतरलं तुयं?"

शीलाने सांगितलं. सगळं, पेनांच्या रंगासकट. कांताबाईचा हात सुपातच थांबला.

"म्हंजे तू गेलीच नाई तिथं?"

"नाही."

"अन् लिवलं गेली म्हनून. तीन खेपा."

"हो, माय."

"आमी वेचणीले जात होतो तवा बी असाच बाबू ये," कांताबाई म्हणाली. "धुऱ्यावर गाडी थांबवे, खाली उतरे नाई. आमच्या घराची पाहनी झाली म्हनून लिवून टाके. मी मनात म्हनो, माही पोरगी बाबू होईन तवा घरात येईन, माठातलं पानी पेईन, मंग लिवन." तिने सूप बाजूला ठेवलं. "चांगली झाली बाबू."

एवढं बोलून ती उठली आणि चुलीकडे गेली. शिव्या दिल्या असत्या तर शीलाला बरं वाटलं असतं.

शनिवारी सुट्टी होती. फाट्यावर बसमधून उतरून शीला तांड्याकडे चालू लागली. पिशवीत प्रश्नावली, चार पानी. नाला कोरडा पडला होता. वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावले होते. रस्ताभर ती मनाशी घोकत होती, की आपण आज संशोधक म्हणून चाललो आहोत. प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची, निघायचं. देवीलाल राठोड म्हणजे तोच अर्जवाला असेल असं थोडंच आहे? एकोणीस घरं आहेत.

घर शोधावं लागलं नाही. पहिलंच होतं. मातीच्या भिंती, वर टिना, आणि दार सताड उघडं, त्याला एक मोठा दगड टेकवलेला. ओसरीवर पन्नाशीचा माणूस बसून अंबाडीचा दोर वळत होता. त्याची बोटं भराभर चालत होती, पण नजर दोरावर नव्हती, कुठेच नव्हती. शीलाचे पाय अंगणातच थबकले.

"कोन हाये?" त्याने मान वळवली, ती थोडी चुकीच्या बाजूला.

"मी शीला मुनेश्वर. कॉलेजसाठी माहिती गोळा करते आहे. देवीलालभाऊ आपणच का?"

"मीच. या नं, बसा. बिजली, च्या ठेव वं, बाई आल्या."

त्याची बायको बिजलीबाई आतून आली. उंच, करारी, हातभर बांगड्या. तिने शीलाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोतं अंथरलं, आणि काही न बोलता चहा टाकायला गेली. शीलाने कागद काढला. पहिले प्रश्न सोपे होते. वय? माणसं किती? फवारणी किती वर्षं केली? देवीलाल हौसेने सांगत होता. बारा वर्षं केली फवारणी. पळसखेडच्या प्रत्येक वावरात त्याचा पंप फिरला होता.

"त्रास कधी सुरू झाला?"

"त्याच वर्सी. दसऱ्याच्या आंगंमागं डोळे उठले, लाल झाले. वाटलं, जाईन. मंग धुकं दिसे. शिबिरात गेलतो मी, बाई. तिथं म्हन्ले यादीत नाव नाई तुमचं. घर बंद होतं तुमचं, पुढच्या टायमाले या. दोन महिन्यानं मोठ्या डॉक्टरले दाखोलं. थो म्हने, लवकर आला असता त एक डोळा त वाचला असता."

चहाचा कप शीलासमोर आला. तिने एक-दोन घोट घेऊन तो खाली ठेवला. पुढचा प्रश्न तिनेच बनवला होता, सरांनी त्याखाली बरोबरची खूण केली होती. "सर्वेक्षणासाठी कर्मचारी घरी आले होते का? नसल्यास, तुमच्या मते कारण काय?"

"आले असन," देवीलाल म्हणाला. "मीच घरी नसन."

"घरी नसन!" बिजलीबाई दारातूनच कडाडली. "मी वेचणीले जाओ अन् हा घरी पडून राहे. मले म्हने कुठंच गेलो नाई. अन् सरकारचा कागद आला त त्यात लिवलं, तीन खेपा घर बंद! दार लावून कुठं उलथलता, देवाले ठाऊक. दारूवर गेला असन. दीड वर्स झालं, इचारते, त सांगत नाई."

"मले त वाटे मी घरीच होतो," देवीलाल हळू आवाजात म्हणाला. दोर त्याच्या मांडीवर पडला होता. "डोळे बांधून ओसरीतच पडून राहो. पन कागदावर तीन तारखा हायेत, बाई. एक तारीख चुकन मानसाची. तीन कशा चुकतीन? सरकारी मानूस कायले खोटं लिवन? मंग माहंच डोकं फिरलं असन, औषधानं. कुठं गेलतो ते माह्याच ध्यानात नसन."

"म्हून कडीच काढून फेकली मी," बिजलीबाई म्हणाली. दाराच्या फळीवर, कडी होती तिथे, खिळ्यांची चार भोकं दिसत होती. "दगड लावून ठेवला. आता कोनी या, केवाबी या, घर उघडं हाये."

शीलाने त्या भोकांकडे पाहिलं. निळं, काळं, निळं. या माणसाचे डोळे तर गेलेच, पण आपण घरी होतो की नव्हतो एवढी साधी गोष्टही तिने त्याच्याकडून काढून घेतली होती. प्रश्नावलीत पुढे अजून नऊ प्रश्न होते. ते विचारून, आभार मानून निघता आलं असतं. पोटे साहेबांना काही कळलं नसतं, ढोले सरांनाही नाही. मार्चात यादी लागणार होती.

"देवीलालभाऊ," ती म्हणाली, "कुणी आलंच नव्हतं."

"काय?"

"तुमच्या घरी कुणी आलं नव्हतं. एकदाही नाही. या तांड्यात कुणाकडेच नाही. मला माहीत आहे, कारण यायचं मला होतं. नोंदवहीतला सात नंबर मीच. त्या तारखा मी फाट्यावर बसून लिहिल्या."

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. बिजलीबाई दाराची चौकट धरून उभी राहिली.

"काहून?" तिने विचारलं. "काहून केलं बाई तुमी असं?"

पोटे साहेबांचा फोन, वरचा आढावा, शंभर टक्के, सगळं जिभेवर आलं होतं. "पाय दुखत होते माझे," शीला म्हणाली. "आणि तांडा लांब होता."

बिजलीबाई पुढे झाली. शीलासमोरचा अर्धा भरलेला कप तिने उचलला, अंगणाच्या कडेला जाऊन चहा मातीत ओतला, आणि कप विसळून पालथा घातला. शीला मान खाली घालून बसून राहिली. हे तिला पटलं.

देवीलालचा चेहरा आवाजाच्या दिशेने, बायकोकडे वळला होता, या वेळी बरोबर बाजूला.

"आइकलं का वं?" तो म्हणाला. "मी घरीच होतो."

बिजलीबाईने पदर तोंडात कोंबला.

"मी सांगो तुले. सांगो का नाई? घरीच होतो मी." मग शीलाकडे, "बाई, हे लिवून द्या. तोंडी सांगतलेलं हे उद्या ईसरन अन् मले पुन्हा दारूडा म्हनन. लिवा, तिन्ही दिवशी घर उघडं होतं."

शीलाने पेन काढलं आणि थांबली. "तसं मला नाही लिहिता येणार, भाऊ. उघडं होतं की बंद, मी पाहिलंच नाही. मी आले नाही, एवढंच मला माहीत आहे. तेवढं लिहिते."

त्याने विचार केला. "तेवढं बस झालं."

प्रश्नावलीचं मागचं कोरं पान फाडून त्यावर तिने तिन्ही तारखा लिहिल्या आणि त्यांच्याखाली लिहिलं, की या तिन्ही दिवशी मी या घरी आले नव्हते. खाली पूर्ण नाव, हुद्दा, प्रगणक क्रमांक सात आणि आजची तारीख. सगळं एकाच पेनने. तेच तिने स्वतःजवळच्या कागदावर पुन्हा उतरवून घेतलं. बिजलीबाईने पान हातात धरलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी खालपर्यंत पाहिलं, आणि रेशनकार्ड ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवून दिलं. ती शीलाशी पुन्हा बोलली नाही.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. उरलेली अठरा घरंही शीलाने केली, त्यातल्या दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिने स्वतः नेलं. आराखडा सोमवारी गेला. 'अभ्यासाच्या मर्यादा' या शीर्षकाखाली सगळे लिहितात ना, की वेळ अपुरा होता, साधनं अपुरी होती? तिथे तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. ढोले सरांनी ते पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चहा घेता का, बाई?" अठरा वर्षांत वरिष्ठांनी दिलेल्या कुठल्याही शेऱ्यापेक्षा तिला ते मोठं वाटलं. देवीलालचा अर्ज शीलाने लिहून दिलेल्या पानासह पुन्हा दाखल झाला, आणि एप्रिलात शीलाला नोटीस आली. मार्चच्या यादीत तिचं नाव नव्हतंच. चौकशी अजून चालू आहे. ती अजून त्याच टेबलावर बसते, आणि पोटे साहेब तिच्याशी कामापुरतं बोलतात.

पण त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं. ती अंगण ओलांडून नाल्यापर्यंत आली तेव्हा मागे आवाज झाला म्हणून वळली. बिजलीबाई वाकून दाराला टेकवलेला दगड दोन्ही हातांनी आत ओढत होती. दीड वर्षात मातीत रुतून बसलेला, हलायला वेळ लागला. मग दार करकरत लागलं. कडी नव्हती, म्हणून आतून तोच दगड दाराला लावल्याचा आवाज आला, आणि त्यामागून कुणाच्या तरी रडण्याचा, दोघांपैकी कुणाचा ते कळलं नाही.

शीला थोडा वेळ उभी राहिली. मग तिने घड्याळ पाहिलं आणि चालू लागली. तांड्यापासून फाट्यापर्यंत पस्तीस मिनिटं लागली.